आवाजात मावणारे चित्र

सावनेर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. घरी संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी, थोडी तूर. मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. ही मुलगी कधी पहाटे तर कधी रात्रीची जेवणे आटोपल्यावर गच्चीवर जाते. हातात अॅल्युमिनियमच्या दोन काड्या, त्यांना जोडलेला एक लहानसा रिसीव्हर आणि मोबाईल. “अंतराळातून चित्र येणार आहे,” असे म्हणते. मग आठ-दहा मिनिटे नुसती टुईंटुईं, किर्रकिर्र ऐकू येते आणि मोबाईलच्या पडद्यावर खरोखरच वरून खाली एक चित्र उमटत जाते. सासूबाईंना वाटते पोरीला काही झपाटले आहे. शेजारी हसतात. आता तिने नवा हट्ट धरला आहे: भंगारवाल्याकडून जुन्या टीव्हीची काचेची नळी आणायची आणि पूर्वीचे लोक करीत तसा चित्र पाहण्याचा संच घरी स्वतः जुळवायचा. ताई विचारतात, आवाजातून चित्र येते हे खरे आहे का? यात जिवाला धोका किती? आणि यातून पुढे काही निघेल, की नुसताच अभ्यासाचा नास?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण ते कळले की उरलेल्या दोघांची उत्तरे निम्मी आपोआप मिळतात.

ताई, तुमच्या वावरात पेरणी कशी होते ते डोळ्यांपुढे आणा. तिफण एका धुऱ्यापासून निघते, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाते, मग पुढचे तास धरते. असे एकेक तास करीत सगळे वावर पेरून होते. चित्र दूर पाठवायचे तर तेही असेच पेरावे लागते. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघायचे, सरळ उजवीकडे जायचे, वाटेत कुठे काळे, कुठे पांढरे, कुठे करडे ते टिपायचे. मग झपकन डावीकडे परतून खालची ओळ धरायची. तिफण परतताना पेरत येते, हे मात्र रिकामे परतते, एवढाच फरक.

आता टिपलेले काळे-पांढरे सांगायचे कसे? तर सुराने. हार्मोनियमवर जसे खालचे आणि वरचे सूर असतात, तसे इथे काळ्यासाठी खालचा सूर, पांढऱ्यासाठी वरचा सूर आणि मधल्या छटांसाठी मधले सूर. मोजमापात सांगायचे तर काळा म्हणजे सेकंदाला १५०० कंपने, पांढरा म्हणजे २३००. आणि एक ओळ संपली, आता पुढची धरा, हे सांगायला १२०० कंपनांचा एक आणखी खालचा सूर क्षणभर वाजतो. तो धुऱ्यावरचा दगड समजा. ऐकणाऱ्याच्या यंत्राने एवढेच करायचे: सूर वर गेला की उजेड वाढवायचा, खाली आला की कमी करायचा, आणि धुऱ्याचा सूर ऐकला की पुढच्या ओळीवर यायचे. म्हणजे मुलगी ऐकते ती किर्रकिर्र ही भुताटकी नव्हे. ते चित्रच आहे, गाऊन दाखवलेले.

याचे नाव स्लो स्कॅन टेलिव्हिजन, म्हणजे सावकाश उमटणारे दूरदर्शन. सावकाश का, हा खरा मजेचा भाग आहे. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शनवर सेकंदाला २५ चित्रे येत, प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे. एवढा माल एका सेकंदात न्यायचा तर वाटही तेवढीच रुंद हवी. दूरदर्शनच्या एका वाहिनीला हवेत जेवढी रुंद पट्टी लागे, तेवढ्यात माणसांच्या बोलण्याच्या दोन हजारांहून जास्त पट्ट्या मावल्या असत्या. साध्या रेडिओवर बोलणाऱ्या हौशी माणसाला एवढी रुंद वाट कोण देणार? त्याच्याजवळ आवाज जाईल एवढीच अरुंद वाट. पाटाचे पाणी ठिबकच्या नळीतून न्यायचे झाले तर काय करतो आपण? नळी तीच ठेवतो, वेळ वाढवतो. इथेही तेच केले. चित्र लहान केले, १२० ओळींचे. हलते सोडून स्थिर घेतले. आणि सेकंदाला १५ ओळी अशा बेताने ८ सेकंदांत एक चित्र पाठवले. ज्या देशांत विजेची कंपने आपल्यासारखी ५० आहेत तिथे ओळींचा वेग विजेच्याच ठेक्याला बांधून घेत, म्हणून तिथे हेच चित्र ७.२ सेकंदांत पुरे होई. घरच्या विजेचाच ताल धरला की पाठवणारा आणि घेणारा यांची पावले जवळपास जुळत. त्यासाठी वेगळे महाग घड्याळ नको. ही युक्ती मला फार आवडते.

ही कल्पना कॉपथॉर्न मॅकडोनाल्ड या अमेरिकन तरुणाची. १९५७-५८ साली तो केंटकी विद्यापीठात विजेच्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि हौशी रेडिओवाला होता. परवाना काढून, पैशासाठी नव्हे तर छंद म्हणून रेडिओवरून बोलणारे हे लोक. त्यांना जगभर हॅम म्हणतात. मॅकडोनाल्डने आपल्या संचाची माहिती १९५८ मध्ये तिथल्या हौशींच्या ‘क्यूएसटी’ या मासिकात छापली. तिथल्या सरकारची कायमची परवानगी मात्र १९६८ साली मिळाली. मधली दहा वर्षे सगळे प्रयोगावरच चालले होते.

आता त्या जुन्या घरगुती संचाविषयी, कारण मुलीचा हट्ट त्याचाच आहे. आठ सेकंद लागणारे चित्र पाहायचे तर एक अडचण येते. खालची ओळ उमटेपर्यंत वरची विझून जाते. मग सबंध चित्र दिसणार कधी? यावर तोडगा निघाला तो लढाईच्या भंगारातून. दुसऱ्या महायुद्धात विमाने हुडकण्यासाठी रडार आले. त्याच्या गोल पडद्याच्या काचेला आतून दोन थरांचा लेप असे. ठिणगी पडली की आधी निळा झळाळ आणि मग मागे राहणारा पिवळसर उजेड, तो काही सेकंद रेंगाळणारा. लढाई संपल्यावर अशा नळ्या अमेरिकेत आणि इंग्लंडात जुन्या सामानाच्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. हौशी लोकांनी त्या उचलल्या, पत्र्याच्या डब्यात बसवल्या, सूर ओळखणारी, ओळ सरकवणारी आणि उंच दाबाची वीज तयार करणारी मंडले हाताने डाग देऊन जुळवली. खोलीत काळोख करायचा, नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याची झाकणी लावून आत डोकावायचे, आणि गोल काचेवर चौकोनी पिवळे चित्र वरून खाली उतरताना पाहायचे. खालचा भाग येईपर्यंत वरचा विझू लागलेला असे. समोरचा माणूस मग तेच चित्र तीन-चार वेळा पाठवी.

पाठवणाऱ्याकडे तरी कुठे महागडा कॅमेरा होता! एका नळीवर उजेडाचा बारीक ठिपका ओळीओळीने फिरवायचा, त्याच्यापुढे फोटोची पारदर्शक काच धरायची आणि पलीकडे उजेड मोजणारा एक डोळा बसवायचा. काच जिथे काळी तिथे उजेड अडला, सूर खाली आला. चित्रे कसली असत? बहुधा पुठ्ठ्यावर जाड शाईने लिहिलेले आपले रेडिओचे संकेतनाव, बायकोमुलांचा फोटो, घरचे कुत्रे. हजारो मैलांवरच्या माणसाला आपले कुत्रे दाखवण्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्यांना शेजारी त्या देशातही हसतच असणार.

आणखी एक सोय होती. चित्र म्हणजे आवाजच, तेव्हा ते साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवता येई. भजनाची कॅसेट असते तशी चित्रांची कॅसेट! रात्री आलेले चित्र सकाळी पुन्हा वाजवायचे आणि पुन्हा पाहायचे.

आपल्याकडे १९७० च्या दशकात हॅम मंडळी फार थोडी. बाहेरून यंत्र मागवणे अवघड, म्हणून लष्कराने मोडीत काढलेले व्हॉल्व्हचे जुने संच मिळवायचे आणि दुरुस्त करायचे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकायचे, असा मामला होता. चित्रांपेक्षा बोलणे आणि मोर्सची कडकट्ट यांवरच त्यांचा भर असणार हे उघड आहे. पण सावकाश उमटणाऱ्या चित्राशी या देशाचा, त्यातही शेतीचा, संबंध आला तो वेगळ्या वाटेने. तो म्हणजे ढगांच्या चित्राचा.

१९६३ च्या डिसेंबरात अमेरिकेचा टायरॉस-८ हा हवामानाचा उपग्रह वर गेला. त्याच्या आधीच्या उपग्रहांची चित्रे अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनाच घेता येत. याच्यावर नवी सोय होती: ज्याच्या डोक्यावरून तो जाईल त्याला तिथल्या तिथे चित्र मिळावे. ८०० ओळींचे चित्र, सेकंदाला ४ ओळी, म्हणजे एक चित्र उतरायला २०० सेकंद. पुन्हा तोच ठिबकचा हिशेब! त्या काळात हिंदी महासागराचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालू होता आणि त्याचे हवामान केंद्र मुंबईला कुलाब्यात होते. तिथे ही चित्रे घेण्याचे यंत्र बसले. समुद्रावरचे ढग तोवर जहाजावरच्या माणसाने कळवले तरच कळायचे. आता अरबी समुद्रावर ढग कुठे गोळा झाले आहेत ते कागदावर ओळ ओळ करीत उतरू लागले.

दूरदर्शनचे जलद चित्र गावात आले ते नंतर. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला, त्याला ‘साइट’ म्हणत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. सावनेरच्या पलीकडे लागणारा मध्य प्रदेश होता. त्या गावांत बसवलेल्या तीन मीटर रुंदीच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. साध्या सामानातून मोठे काम करण्याची हौस आपल्याकडेही होती, एवढ्यासाठी हे सांगितले.

माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची, जुलै १९६९ ची गोष्टही याच घराण्यातली. चंद्रावरून रुंद वाटेने चित्र पाठवण्याइतकी सोय नव्हती, म्हणून कॅमेरा सेकंदाला १० च चित्रे घेई, तीही ३२० ओळींची. पृथ्वीवर ती एका पडद्यावर दाखवली आणि त्या पडद्यासमोर दूरदर्शनचा नेहमीचा कॅमेरा धरून जगाला दाखवली. लोकांनी पाहिले ते धुरकट चित्र म्हणजे चित्राचे चित्र होते.

आता मुलगी गच्चीवर काय पकडते ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरत असते. दीड तासाच्या आसपास त्याची एक फेरी होते. ते सावनेरच्या बरोबर डोक्यावर असते तेव्हा आपल्याला मुंबईपेक्षाही जवळ असते, हे मुद्दाम सांगतो. त्यावरच्या रेडिओवरून वर्षातून काही वेळा, आधी जाहीर करून, काही दिवस अशी चित्रे पाठवतात. लहर १४५.८०० मेगाहर्ट्झ, गाण्यांचा एफएम रेडिओ १०८ लाच संपतो, म्हणून वेगळा रिसीव्हर लागतो. आता ही चित्रे रंगीत असतात, ४९६ ओळींची, आणि एक चित्र उतरायला दोन मिनिटांहून थोडे जास्त लागते. मग थोडी विश्रांती, मग पुढचे. स्थानक एका बाजूच्या क्षितिजावरून उगवून दुसऱ्या बाजूला मावळायला फार तर दहा मिनिटे घेते, त्यामुळे एका फेरीत दोन-तीन चित्रे मिळाली तरी पुष्कळ.

ताईंनी पत्रासोबत एक चित्र जोडले आहे. त्याचा वरचा भाग स्वच्छ आहे, खालचा तिसरा हिस्सा वाळू सांडल्यासारखा. यात मुलीची चूक नाही. चित्र चालू असतानाच स्थानक कलत कलत घराच्या किंवा झाडाच्या आड गेले असणार. वाळू जितकी खाली गडद, तितकी ती मावळतीची खूण. सबंध चित्र एका बाजूला कललेले असते तर मोबाईलचे घड्याळ पाठवणाऱ्याच्या घड्याळाशी जुळत नाही असे समजावे. ते चित्र वाचणाऱ्या अॅपमध्येच सरळ करता येते. आणि छिंदवाड्याची जुनी छोटी गाडी आठवते ना? २०१५ साली ती लाईन मोठी करण्यासाठी बंद झाली. ती गाडी शिटी वाजवीत जवळ येताना शिटी चढी वाटे आणि पुढे निघून जाताना उतरे. ताशी २८,००० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्थानकाची रेडिओ लहरही तशीच आधी किंचित चढी आणि नंतर उतरती भासते. म्हणून मुलगी मध्येच रिसीव्हरचा आकडा थोडा सरकवीत असेल. तो चाळा नव्हे.

दुसरा प्रश्न धोक्याचा. इथे मी ताईंच्या बाजूने आहे, आणि मुलीने हा भाग नीट वाचावा. जुन्या टीव्हीच्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो. रंगीत टीव्हीत तो वीस हजारांच्या वर जातो. बटण बंद केले, पिन काढली, तरी तो दाब नळीत आणि कंडेन्सरमध्ये बराच वेळ दबा धरून राहतो. नळीच्या आत पोकळी असते. मान मोडली किंवा काच तडकली तर तुकडे आत ओढले जाऊन बाहेर उडतात आणि डोळे जातात. बरे, एवढे करून साधणार काय? काहीच नाही. भंगारातल्या टीव्हीच्या काचेचा लेप लगेच विझणारा असतो, कारण त्याला सेकंदाला २५ चित्रे दाखवायची होती. सावकाश चित्र त्याच्यावर लावले तर नुसती एक उजळ रेघ खाली सरकताना दिसेल. रेंगाळणारी रडारची नळी सावनेरच्या भंगारात मिळायची नाही. पूर्वीच्या हॅम मंडळींनीसुद्धा सोय होताच तो नाद सोडला. १९७० च्या दशकातच आलेले चित्र विजेच्या आठवणीत साठवून साध्या टीव्हीवर दाखवणारी यंत्रे निघाली होती.

पण हट्ट साफ मोडून काढू नये, वळवावा. हाताने संच बनवायचाच ना? मग तळहातावर मावणारा, प्रोग्राम लिहिता येणारा एक बोर्ड आणि काडेपेटीहून थोडा मोठा रंगीत पडदा घ्यावा. दोन्ही पाच व्होल्टवर चालतात, मोबाईलच्या पॉवर बँकेवर. रिसीव्हरचा आवाज बोर्डात न्यायचा, सूर मोजायचा, ओळ ओळ पडद्यावर काढायची. ते सगळे तिला स्वतःला लिहावे लागेल, आणि अकरावीतले तरंग, वारंवारता, त्रिकोणमिती यांचा खरा उपयोग तिला तिथे कळेल. सुरुवातीला अंतराळाची वाट पाहायलाही नको. एका मोबाईलवर चित्राचा आवाज वाजवायचा आणि दुसऱ्या बाजूला आपला संच ठेवायचा. रिसीव्हर, बोर्ड आणि पडदा मिळून खर्च फवारणीच्या बॅटरी पंपाच्या आसपास जाईल. पोरीच्या हाताने डब्यावर पहिली ओळ उमटली की सासूबाईंनाही बोलवावे.

खरा धोका दुसरीकडेच आहे आणि तो आपल्या डोक्यावर लोंबतो आहे. वावरावरून, कधी घराजवळूनही, ११ केव्हीच्या तारा जातात. लांब बांबूला काड्या बांधून तो उभा करताना तोल गेला तर सांगायची सोय नाही. बांबू आडवा पडला तरी तारेपासून दूर राहील, अशीच जागा निवडावी.

तिसरा प्रश्न: यातून निघणार काय? मी उगाच आशा लावत नाही. यातून संत्र्याला भाव मिळत नाही आणि नोकरीची हमीही नाही. दोन गोष्टी मात्र मला खऱ्या वाटतात.

पहिली ढगांची. आज हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या इन्सॅट उपग्रहांची चित्रे दर अर्ध्या तासाला येतात. इन्सॅट-३डीएस हा त्यातला नवा, फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला. चित्र सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचते, वाचता फार थोड्यांना येते. पांढरे दिसले की पाऊस, असे लोक धरतात आणि औषध फवारणी थांबवतात. पण उष्णतेवरून घेतलेल्या चित्रात पांढरे म्हणजे थंड, म्हणजे उंचावरचे. पिंजलेल्या कापसासारखे उंच विरळ ढगही त्यात पांढरेफेक दिसतात आणि थेंब पडत नाही. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून निघालेला पट्टा छत्तीसगडवरून इकडे सरकतो आहे का, हे मात्र लागोपाठची पाच-सहा चित्रे पाहिली की कळते. गारपिटीचे तसे नाही. अंबिया बहाराचा फुलोरा असतो तेव्हाचा गारांचा ढग तासाभरात उभा राहतो आणि कोसळतो. तिथे रडारचे चित्र आणि खात्याचा इशारा पाहावा. ज्या मुलीने चित्र सुरांतून ओळ ओळ करीत स्वतः उतरवले आहे, तिला कोणत्या चित्रात किती विश्वास ठेवावा हे इतरांपेक्षा लवकर कळते.

दुसरी गोष्ट संकटाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा वेळी फोनच्या तारा आणि मनोरे आधी जातात. त्या दिवसांत हॅम मंडळींनी आपले संच घेऊन निरोप पोहोचवण्याचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम भगिनी योगायोगाने आपल्या सोबत्यांसह अंदमानात होत्या. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या रेडिओवरून बातमी आणि निरोप गेले. मुलीच्या जातीला हे नाद कशाला, असे कुणी म्हटले तर त्यांना हे सांगावे. अर्थात या दोन्ही ठिकाणी कामाला आला तो बोललेला शब्द, चित्र नव्हे. चित्र ही त्याच विद्येची पुढची पायरी.

बोलण्यासाठी परवाना हवाच. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा असते. वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही देता येते. दोन दर्जे आहेत, वरच्याला मोर्सही लागतो. नागपूर हे या परीक्षेच्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे, म्हणजे तुम्हाला मुंबई गाठायला नको. परवाना हाती येईपर्यंत बोलण्याचे बटण असलेला वॉकीटॉकी घरात आणू नये. बाजारात सहज मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. फक्त ऐकणारा रिसीव्हर घ्यावा.

आणि फार दिवस थांबूही नये. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह वर्षानुवर्षे ढगांची चित्रे अशाच सुरांत पाठवीत होते. जगभरातल्या पोरांनी गच्चीवर दोन काड्या लावून ती घेतली. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये तिन्ही बंद झाले. रशियाच्या मिटिऑर उपग्रहांची चित्रे अजून मिळतात, पण ती सुरांत नाहीत, आकड्यांच्या भाषेत आहेत. अंतराळ स्थानकही २०३० च्या सुमारास संपवून समुद्रात उतरवण्याची योजना आहे. कानाला ऐकू येणारे चित्र आकाशातून घेण्याची संधी आता मोजक्या वर्षांची आहे.

ज्या इतर मुलामुलींना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी काड्यांचे माप देतो. प्रत्येक काडी ४९ सेंटिमीटर, अॅल्युमिनियमची किंवा जाड तांब्याच्या तारेची. दोन्ही काड्यांची टोके एकमेकांना न टेकवता लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवावीत. एकीला केबलची मधली तार, दुसरीला बाहेरची जाळी जोडावी. काड्या आडव्या ठेवून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडाव्यात, काटकोनाहून थोड्या जास्त. स्थानक आपल्याकडे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. त्या बाजूला झाड-भिंत नसेल असे पाहावे. वेळा आधी पाहून ठेवाव्यात, रात्री गच्चीवर घरातले कोणीतरी सोबत असावे. आवाज मोबाईलमध्ये भरूनही ठेवावा, म्हणजे चित्र बिघडले तरी पुन्हा काढता येते. मृगाच्या विजा चमकू लागल्या की काड्या उतरवून घरात ठेवाव्यात, आणि ओल्या गच्चीवर भिंतीच्या बोर्डाची वायर कधीही नेऊ नये.